पाचपट खोल

लेकीची प्रयोगशाळा बघायला महिपती धायरीहून इस्त्रीचा सदरा घालून आले होते, जणू सोयरीकच जुळवायची होती. सत्यशीलाने त्यांचा हात भिंगाखाली ठेवला. पडद्यावर कातडीखालच्या बारीक शिरा उमटल्या.

"आता पोट बघ," ते म्हणाले.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या पोटातल्या गाठीचा तुकडा सुईने काढून तपासायला सांगितला होता. सुई लागली की गाठ भडकते, अशी अख्ख्या भावकीची खात्री. त्यातच दिवाळीला आलेल्या सत्यशीलाने ताटावर बसून फुशारकी मारली होती की, कापाकापी न करता आमच्या मशिनचा प्रकाश आता शरीरात पाचपट खोल बघतो. महिपतींनी सुई रद्द केली, तिचा अभ्यास बुडू नये म्हणून गाठ तिच्यापासून लपवली आणि मशिनची वाट बघत बसले. तिला कळलं ते गेल्या आठवड्यात, गाठ यकृतात पसरल्यावर.

"आबा, मांसात शिरला की प्रकाश विखुरतो. दुधात टॉर्च मारल्यासारखं होतं. तो आम्ही थोडा वळणावर आणतो. आधी एक मिलिमीटर दिसायचं, आता पाच."

"म्हंजे किती?"

"इंद्रायणीचा दाणा असतो ना, तेवढं."

"अन् माझी गाठ?"

"चार बोटं आत."

महिपतींनी सदऱ्यावरूनच पोटावर चार बोटं ठेवून बघितली. सत्यशीलाला स्वतःची लाज वाटली. कशाच्या पाचपट, हे सांगायचं तिला त्या दिवशी सुचलंच नव्हतं. सगळं घर कौतुकाने तोंडाकडे बघत असताना एक मिलिमीटरची गोष्ट कोण काढतं?

"रंगरावला फोन लाव," ते एकदम म्हणाले. रंगराव त्यांचा धाकटा भाऊ. "त्याच्या छातीत गाठ निघालीय. मीच म्हणालो, सुई घेऊ नगं, पोरीचं मशिन येतंय."

तिने लावला. काकांना सगळं सांगितलं, तांदळाच्या दाण्यासकट. आजच दवाखान्यात जा म्हणून हातापाया पडली. रंगरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकाचं पाच तूच केलंस न्हवं?" ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "मग पाचाचं वीतभरबी करशील. मी थांबतो की. तू सावकाश कर."