रेकॉर्डिंगच्या आधीचा आवाज

सगळं नेहमीसारखं असण्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि खोलीतल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. पडद्यातून दुपारचं ऊन झिरपत होतं. भिंतींवर टांगलेल्या जुन्या रजयांमध्ये रस्त्यावरचा गोंगाट शिरून विरघळून जात होता. पाहुण्याच्या खुर्चीत आई बसली होती आणि समोर, कानांवर हेडफोन लावून, तिची लेक.

मित्रांनो, त्या दोघींच्या मधोमध उभा होतो तो मी, एक जुना माइक. माझी जाळी एका बाजूनं चेपलेली आहे. एका लांबलचक टेबलावर माझी जुळणी झाली, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी माझ्यात हलकेच फुंकर मारली. मला आठवतो तो पहिला वारा. पुढे कितीतरी वर्षं मी एका निवेदकाच्या खोलीत होतो. त्याचा आवाज गेला तर लोक मलाच दोष द्यायचे आणि आवाज छान लागला तर त्याचं कौतुक करायचे. मग मी कपाटात पडलो. धुळीत पडलं की सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटतात. तिथून जुन्या सामानाच्या दुकानात गेलो आणि त्या दुकानातून मला या लेकीनं उचललं. ती नोकरी करणाऱ्या माणसांसाठी पॉडकास्ट करायची.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी काहीही साठवत नाही. आवाज माझ्यातून जातो, बस. तो ठेवायचा की नाही, ते बटण दाबणारा ठरवतो.

लेकीला एक पत्र आलं होतं. एका मुलीला कंपनीनं चार ओळींचा मेल पाठवून कामावरून काढलं होतं. तिनं विचारलं होतं, 'एचआरमधल्या माणसांना त्या दिवशी काय वाटतं, ते कुणी खरं सांगेल का?' म्हणून लेक पाहुणा शोधत होती. यादीत तीन नावं होती.

"आई, एक ते दहा म्हण. आवाजाची पट्टी बघायचीय."

"एक ते दहा म्हणायला मी काय बालवाडीत आहे? दाखव बघू तुझे तज्ज्ञ." आईनं चष्मा लावून लेकीच्या लॅपटॉपवरचे फोटो पाहिले. "हा हाताची घडी घालून का उभा आहे? थंडी वाजतेय का बिचाऱ्याला?"

"आई! लाखभर लोक ऐकतात त्याला."

"ऐकू देत की. तू त्याला एवढंच विचार, ज्याला शेवटचं कामावरून काढलंत, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत? लगेच नियम सांगायला लागला तर चहा पाज आणि वाटेला लाव. आधी गप्प झाला, तर मात्र सोडू नकोस."

आई मोज्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं कार्मिक विभागात, म्हणजे आताच्या एचआरमध्ये, होती. मदतनीस म्हणून लागली, मदतनीस म्हणूनच निवृत्त झाली. यंत्रांच्या खडखडाटानं कुणाचा कोणता कान गेलाय, हे तिला पाठ होतं. ती त्या माणसाच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहून बोलायची. हे सगळं तिनं याच खुर्चीत बसून, पट्टी बघता बघता सांगितलं होतं. प्रत्येक भागाच्या आधी, चार वर्षं. आणि प्रत्येक वेळी ती उठल्यावरच लेक रेकॉर्डिंगचं बटण दाबायची.

"त्यापेक्षा मलाच बोलाव की एकदा," आई हसत म्हणाली.

लेकही हसली. "अगं, लोकांना पद लागतं आई. नुसतं 'मदतनीस' कसं सांगू?"

आई थांबली. फार नाही, एक श्वासभर. मित्रांनो, माणसांना जे ऐकू येत नाही ते मला येतं. कुणीतरी दुसऱ्या खोलीत दार अलगद लोटून घ्यावं, तसा तो श्वास होता.

"बरं," आई म्हणाली. "एक... दोन... तीन..."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही.

माझ्यावर कापड पडलं. कापडाखालचे दिवस एकमेकांत मिसळून गेले. कुणीतरी आत यायचं, पाहुण्याच्या खुर्चीजवळ थांबायचं, परत जायचं. पावलं लेकीची होती, पण त्यांना घाई नव्हती. जणू खोली तळ्याच्या तळाशी होती आणि ती तिथे पोहत येत होती.

दोन महिन्यांनी कापड निघालं. त्या मुलीचं पत्र अजून उत्तराविना होतं. लेकीनं फोन लावले आणि प्रत्येकाला आईचा प्रश्न विचारला.

घडी घातलेल्या हातांचे साहेब तत्परतेनं म्हणाले, "प्रक्रियेनुसार सगळं व्यवस्थित झालं."

दुसरे म्हणाले, "आम्ही काढत नाही हो, माणसाला नव्या संधीसाठी मोकळं करतो."

तिसऱ्या बाई रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत होत्या. त्या गप्प झाल्या. इतका वेळ, की लेकीनं "हॅलो?" म्हटलं.

"आहे मी," बाई म्हणाल्या. "लॉकरमध्ये त्याचा डबा राहिला होता. दुसऱ्या दिवशी मी तो द्यायला घरी गेले. दार त्याच्या बायकोनं उघडलं. त्यानं घरी सांगितलंच नव्हतं हो. माझ्या हातातला डबा बघून तिला कळलं. मला वाटलं होतं, मी चांगुलपणा करतेय."

"तुम्ही याल का?" लेकीनं विचारलं.

त्या आल्या. मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरंच वाटेल, पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात रोज बोलणारं एखादं माणूस असेल. त्याला 'नुसती पट्टी बघायचीय' असं सांगू नका. बटण आधी दाबा. पाहुणे मोठे असोत की लहान, माझ्यापर्यंत सगळे सारख्याच श्वासानं पोहोचतात.

त्या दिवशी लेकीनं बटण आधी दाबलं. लाल दिवा लागला. बाई खुर्चीत टेकल्या, इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "सुरू करण्याआधी एक विचारू? वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नाही. तुम्हाला कुठून सुचला?"

'अनुभवातून' असं म्हणता आलं असतं. लेकीनं तसा श्वास घेतलाही. मग तिनं हेडफोन काढून ठेवले.

"माझ्या आईचा आहे तो. ती कारखान्यात मदतनीस होती. या विषयावर तिच्याइतकं चांगलं कुणी बोललं नसतं. ती याच खुर्चीत बसायची आणि मी तिला आकडे मोजायला लावायचे."

लेक माझ्याकडे झुकली, इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या जाळीवर आला.

"आई, मला लाज वाटायची गं. तुझी नाही, तुझ्या पदाची. मी तुला बोलवायला हवं होतं."