मुक्यानं न्यायची अंबील

मी कडूबाई, माझ्या नवऱ्याचं नाव फुलचंद. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतेत. पर ठाण्यात समद्यांनी आईबहिणीवरून घेतलंय ते, मग मीच कशाला लाजू? आमी पारधी. पालमच्या वाटेवर, गावाबाहेर आमचं पाल हाय. फुलचंद दत्तराव पाटलाच्या शेताची राखण करायचा. रानडुक्कर असो न्हाईतर चोर, त्याच्या एका हाळीत पळायचा. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात न्हाई.

झालं ते येळवशीच्या दिशी. येळवस, म्हंजे येळ अमुशा, आमच्याकडं लय मोठा सण. समदं गाव कुलपं लावून रानात जातं. कडब्याची खोप करायची, पांडव पुजायचे, भज्जी-उंडे खायचे आन् वरून अंबील वरपायची. दत्तरावाच्या घरची एक रीत हाय. अंबिलानं भरल्याला बिंदगा, म्हंजे घागर, घरातल्याच बाप्या माणसानं न्यायचा. डोईवर बिंदगा, तोंडावरून घोंगडं, पाय अनवाणी, आन् खोपीत पोचंस्तवर तोंडातून शब्द काढायचा न्हाई. बोललं की अंबील बाटली.

मागल्या साली दत्तरावाचा गुडघा सुजला. पोरं पुण्याला. मग त्याच्याच सांगण्यावरनं त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, फुलचंदला परसदारी बोलावलं. म्हणली, "घोंगड्यात कोण वळखतंय? तूच ने. पर तोंड उघडू नको बाबा, तुला देवाची आण हाय."

आमचं येडं आण पाळणारं. निघालं घोंगडं घेऊन.

त्याच सकाळी गावात एका घरातलं सोनं गेलतं. पुलावर भुजंग जमादाराची जीप उभी. "कोण हाय रे? काय चाललास घेऊन?" फुलचंद गप्प. दुसऱ्यांदा इचारलं, तरी गप्प. घोंगडं वढलं, तर खाली पारधी! मग काय, इचारायलाच नको. बिंदग्यात बघितलं तर अंबील. ती ठिवली पुलावर आन् माणूस घातला जीपमधी. घरच्या कुणी असाच बिंदगा नेला असता तर जमादारानं हात जोडले असते की न्हाई, सांगा.

मी पळत ठाण्यात गेले. बिंदगा डोईवरनं उतरला तशी आण सरली, आन् फुलचंदनं समदं सांगितलं व्हतं. माझ्यासमोर भुजंगानं दत्तरावाला फोन लावला, आवाज मोठा करून. "फुलचंद म्हणतोय तुमी पाठवलं."

फोनातून आवाज आला, "कोण फुलचंद? म्या कुणाला पाठवलं न्हाई. असल्या लोकायला मी वळखत बी न्हाई."

आन् हे बोलताना तो कुठं व्हता? खोपीत! पुलावरचा बिंदगा त्यानंच लंगडत जाऊन उचलला आन् साऱ्या भावकीला अंबील वाढली. पारध्याच्या डोईवरची अंबील हाय म्हणलं असतं तर भावकीनं थू केलं असतं. तेवढ्यासाठी भुजंगाच्या काठीनं माझ्या माणसाचा हात मोडू दिला मेल्यानं.

फुलचंद जामिनावर सुटला, पर चोरीची केस चालू हाय. वकील म्हणला, "पाठवणारा उभा राहिला तर सुटंल, न्हाईतर आत जाईल." मी दत्तरावाच्या दारात किती येळा गेले! एकदा पदर पसरला, एकदा पाय धरले. तो म्हणायचा, "कडे, माझ्या घरात देव हाईत." देव! फुलचंद म्हणायचा, सोड. मी म्हणायची, तू सोड, मी न्हाई सोडत.

औंदा येळवस आली. राखण गेली, हात गेला, म्हणून फुलचंद पालात पडून. दत्तरावाची पोरं पुण्याहून आलीच न्हाईत. म्हंजे दत्तराव सोता बिंदगा नेणार, हे मला दोन दिवस आदीच कळलं. मी सरपणाचा भारा घेऊन पुलाच्या कडंला बसले. गाव सुनं पडलं. तवर समोरच्या घराला कुलूप लावून दत्तराव निघाला, तोंडावरून घोंगडं, अनवाणी. मी फोन काढला, एकशे बारा लावला. "तोंड झाकल्याला माणूस कुलपाच्या घरातनं डोक्यावर कायतरी घेऊन चाललाय." ह्यात खोटं काय हाय? येक अक्षर बी न्हाई.

जीप आली. भुजंगच उतरला. "थांब! कोण हाय?"

दत्तराव गप्प.

"बहिरा हाईस का? काय हाय त्यात?"

गप्पच. अंबील बाटंल ना! मला आतून इतकं गोड वाटलं म्हणून सांगू. भुजंगानं काठी घातली, नेमकी त्याच गुडघ्यावर. बिंदगा पडला, अंबील धुळीत. दुसरी पाठीत बसली.

"मी दत्तराव हाय, दत्तराव! मारू नका!"

भुजंगानं त्याला कधी बघितलं नव्हतं, नुसता फोनवर आवाज ऐकलेला. घोंगडं सरकलं तर समोर काळा, दाढी वाढल्याला, अनवाणी म्हातारा. भुजंग हसला. "हर चोर दत्तरावच असतोय." मग माझ्याकडं बघून म्हणला, "काय गं कडे, तुझ्याच पालातला दिसतोय की!"

दत्तरावाचं तोंड असं झालं, जसं कुणी त्यात शेण घातलं. हात जोडून म्हणला, "कडूबाई, सांग की त्यांला. मी कोण हाय ते सांग."

कडूबाई! बारा महिने कडे-कडे करत व्हता.

मी उठले, पदर खवला. म्हणलं, "असल्या लोकायला मी वळखत न्हाई."

भुजंगानं काठी उचलली. आरडाओरडा ऐकून शेजारच्या तुरीतनं त्याचीच भावकी बांधावर चढायलीच व्हती. मी दत्तरावाच्या कानाशी न्हाई, चांगलं मोठ्यानं म्हणलं, "मागल्या साली हा बिंदगा कुणाच्या डोईवर व्हता, ते आदी सांगा. मग वळखते."

त्यानं भावकीकडं बघितलं. काठीकडं बघितलं. काठी जवळ व्हती.

"फुलचंदच्या!" वरडलाच तो. "म्याच पाठवला व्हता! तो चोर न्हाई. फोनवर म्या खोटं बोललो."

बांधावरली माणसं जागच्या जागी उभी राह्यली. दत्तरावाच्या चुलतभावानं आदी हळूच तोंड पुसलं, मग थुकला. वरीस उलटल्यावर! मला हसू आवरंना.

"हां," म्हणलं, "आता वळखलं. दत्तरावच हाईत, जमादार. तुमी मागल्या साली ज्याचा हात मोडला, तो माझा नवरा. तुमी सोता ऐकलंत ना? भावकीनं बी ऐकलंय. कोर्टात हेच बोलायचं."

भुजंगानं काठी खाली टाकली. पाटलाला उठवायला वाकला, "माफ करा साहेब, वळखलं न्हाई," करत. फुलचंदला कधी म्हणला न्हाई तसं.

दत्तराव रडायला लागला. "कडूबाई, आता तरी मन भरलं का?"

"न्हाई भरलं," म्हणलं. "कोर्टात बोललात तर बघू. न्हाईतर पुढल्या येळवशीला बी मी हितंच बसणार."

भारा उचलला आन् पालावर आले. फुलचंद अंथरुणात उठून बसला. त्याला समदं सांगितलं. डाव्या हातानं तो उजवा खांदा चोळाया लागला. मग इचारलं, "त्याचं काय मोडलं का?"

"न्हाई. नुसत्या दोन काठ्या बसल्या."

"दोनच?" म्हणला. "कमी झाल्या गं."