पलीकडची बाजू

"बाद! बाद!" सगळं मैदान ओरडत होतं आणि अनंतरावांची शिटी ओठांतच होती.

साताऱ्याच्या मुलीनं सांगलीच्या शेवटच्या धावणारीला खांबाजवळ गाठलं होतं. हात लागलेला अनंतरावांनी पाहिला. पण मारणारीचा पाय मधली पाटी ओलांडून पलीकडे गेला की नाही, ते त्यांच्या बाजूनं दिसत नव्हतं. ते पलीकडच्या पंचानं सांगायचं. त्यांनी तिकडे पाहिलं.

पलीकडे गोदावरी उभी होती. त्यांची विधवा भावजय, मुलींच्या शाळेतली कवायतीची बाई. तिनं ओलांडलेली टाच पाहिली होती. तिनं मूठ वळून पोटाशी धरली.

अनंतरावांनी शिटी फुंकली. "फाउल!"

उरलेला वेळ सांगलीची ती मुलगी धावत राहिली आणि ढाल सांगलीला गेली.

थोरला भाऊ गेल्यावर अनंतरावांनीच गोदावरीला शिकवलं, शाळेत लावलं. मुलींच्या सामन्याला एक तरी बाई पंच हवी, म्हणून खो-खोचे नियमही समजावले. "वहिनी, एका पंचाला अर्धंच मैदान दिसतं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "उरलेलं मी तुम्हाला विचारणार. तेव्हा खाली बघायचं नाही."

घरात ती त्यांच्यासमोर येत नसे. निरोपही जावेच्या तोंडून जात. मैदानावर मात्र छातीवर तळहात म्हणजे ठीक आणि पोटाशी मूठ म्हणजे फाउल, एवढ्यावर दोघांचं भागे. त्यांनी मान वळवावी, तोवर तिचा हात हललेला असे. कुणी आपल्याला काही विचारतंय आणि उत्तरासाठी थांबतंय, असं तिच्या आयुष्यात फक्त तिथंच घडत होतं.

त्या दिवशी बायकांच्या घोळक्यात कोरेगावची अंबूबाई बसली होती. मारणारी मुलगी तिची. "पोरीचा बाप लढाईवर हाय," ती शेजारणीला म्हणाली, "ढाल मिळाली आसती तर कळवलं आसतं त्येला. हात लागला हुता की! पर त्यो तिच्याकडं बगतोय, ती खुणा करतीया. दीर-भावजय हायती म्हनं. डोळ्याला डोळा लावून! आमी न्हाई बाई असलं कुटं बगितलं."

दोघी-तिघी हसल्या. अनंतरावांची बायको विनोदिनी त्या बायकांच्या मागेच बसली होती.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही काही वावगं केलंत असं मी म्हणत नाही. पण उद्या मला चार घरी हळदीकुंकवाला जायचंय."

सकाळी अनंतराव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, भिंतीकडे बघत म्हणाले, "वहिनी, पुढच्या सामन्याला शाळेतल्या दुसऱ्या बाई उभ्या राहतील."

"माझं काही चुकलं का, भावोजी?"

"नाही."

"मग?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "निकाल बरोबर होता," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

गोदावरी परातीतलं पीठ मळत राहिली. माहेरी कुणी उरलं नव्हतं. रागावून जायचं तर कुठे, आणि रागवायचं तरी कुणावर? ज्या माणसानं तिला घराबाहेर आणलं, त्यानंच तिला आत घेतलं होतं, आणि तेही इतक्या मऊ आवाजात की भांडायला जागाच नव्हती.

शाळेच्या बंदिस्त अंगणात तिची कवायत चालूच राहिली. मुली विचारत, "बाई, तुम्ही सामन्याला का येत नाही?"

"घरी काम असतं गं," ती सांगे.

दिवाळीनंतर सांगलीला सामना झाला. दुसऱ्या दिवशी अनंतराव परतले आणि जेवायला बसले. विनोदिनी वाढत होती. गोदावरी आत चुलीशी होती.

"काल माझा एक निकाल चुकला," ते बायकोला म्हणाले. "मुलगी बाद नव्हती. मी बाद दिली. रडत गेली बिचारी."

"इतक्या सामन्यांत एखादा चुकायचाच," विनोदिनी म्हणाली.

मग आतून आवाज आला. त्या घरात दिरानं हाक मारल्याशिवाय, आपणहून काही विचारण्याची गोदावरीची ती पहिलीच वेळ.

"कुठल्या बाजूला चुकला, भावोजी?"

विनोदिनीचा वाढता हात थांबला. अनंतराव ताटाकडे बघत राहिले.

"तुमच्या," ते म्हणाले.

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. गोदावरीनं ती उलटली.