शंखाची नवाई

करणसिंगनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली, चुंबळ झटकली आणि तो मोहाच्या सावलीत जाऊन बसला. त्याच्यामागून बाकीच्यांनीही टोपल्या उतरवल्या. मोलगीचा चढ अजून सुरूसुद्धा झाला नव्हता. हिंमत पुढं निघून गेला होता, तो धापा टाकत परत आला. कोणाचा पाय मुरगळला का, टोपली फाटली का, तंबाखू संपली का, असं सगळं विचारून झालं. तसं काहीच नव्हतं. आपसांत त्यांच्या पावरी बोलीत बरंच बोलून झाल्यावर करणसिंगनं मोडक्यातोडक्या अहिराणीत खुलासा केला.

"नवाई करेल नही. कसं लई जावानं?"

नवाई हिंमतला माहीत होती. शेतातलं नवं धान्य असो की रानातली नवी भाजी, पहिला वाटा देवाला दिल्याशिवाय या डोंगरात कोणी घास तोंडात घालत नाही आणि पीक पाड्याबाहेर नेत नाही. पण टोपल्यांत धान्य नव्हतंच.

"आरे भो, या त दगड शेतस."

"तूच बोलना ना काल, औंदा डोंगरले झकास पीक उनं म्हनीसन."

बोलला होता खरा. टोपल्या भरल्या तेव्हा खुशीत येऊन बोलला होता. गंमत होती ती, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. करणसिंगनं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला,

"आम्हले समजनं. देवले गंमत समजत नही."

हिंमत टोपलीशेजारी खाली बसला.

म्हसावदच्या गुजर घरातला हा मुलगा बापाचा कापूस सोडून पुण्याला दगडांचं शिकायला गेला, याचा अर्थ गावानं आपापल्या परीनं लावला होता. एका चुलत्यानं तर त्याच्याकडे पाटा-वरवंट्याची मागणीही नोंदवून ठेवली होती. हिंमत या डोंगरात आला होता तो वेगळ्याच ओढीनं. नर्मदेकडच्या या उतारावर कधीकाळी समुद्र होता. त्याचा तळ चुनखडीच्या थरांत जसाच्या तसा दगड होऊन पडला होता. खालच्या थरात शिंपले, समुद्रातले काटेरी गोळे, गुंडाळीचे शंख, नाना जातींची नुसती जत्रा. वरच्या थरात मात्र शुकशुकाट. एवढी वस्ती उठून गेली कुठं, हा प्रश्न घेऊन तो आला होता. छिन्नी-हातोडी घेऊन दिवसभर ठोकायचं, प्रत्येक शंखावर खळीनं कागदाची चिठ्ठी चिकटवायची. एकदा पाड्यावरच्या भुरीबाईची शेळी निम्म्या चिठ्ठ्या खाऊन गेली. खळ ज्वारीच्या पिठाची होती, आणि वरच्या थरात आणि खालच्या थरात शेळीला चवीचा काही फरक लागला नव्हता.

प्रश्नाचं उत्तर तसं आधीच ठरलेलं होतं. त्याचे प्रोफेसर दाबके यांनी ते ग्रंथात छापून ठेवलं होतं. गुंडाळीच्या शंखांची अख्खी जात एका फटक्यात नाहीशी झाली. वरच्या थरात एकसुद्धा नाही. 'एका फटक्यात' म्हणताना दाबके टेबलावर डस्टर आपटत आणि पहिल्या रांगेतली पोरं खडूच्या भुकटीनं पांढरी होत. हिंमतनं फक्त टोपल्या आणायच्या आणि तसंच लिहून द्यायचं. मग कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची जागा त्याची. दाबक्यांनी शब्द दिला होता.

आणि परवा वरच्या थरात, अगदी माथ्याजवळ, हिंमतला एक शंख मिळाला होता. बोराएवढा. गुंडाळीचा. छिन्नी त्याचीच होती, हात त्याचाच होता, नाही म्हणायला जागा नव्हती. तो त्यानं टोपलीत टाकला नाही. रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

पाड्यावर निरोप गेला. पुजारा डोंगरसिंग आला तो तोंडातली काडी चघळतच; मागून भुरीबाईही आली. त्यानं टोपल्यांत डोकावून पाहिलं, एक शिंपला कानाला लावला, दुसरा हुंगला. मग निकाल दिला. कोंबडी लागेल, मोहाची दारू लागेल आणि पिकातला पहिला दाणा लागेल. कोंबडी भुरीबाईनं दिली. शेळीचा विषय निघण्याआधीच दिली.

"दाना कोनता देऊ, बाबा?" हिंमतनं विचारलं.

"ते आम्ही सांगत नही. देनारनी निवडानं."

कोंबडी धरायला सगळे पळाले. हिंमत टोपल्यांसमोर बसून राहिला. दुपार कलती झाली होती. दरीत निळसर धूर साचला होता, आणि बघता बघता तो धूर पाणी झाला. सागाच्या शेंड्यांवरून पाणी संथ हलत होतं. मोहाच्या फांद्यांतून मासे ये-जा करत होते. करणसिंगची चुंबळ पाय पसरून तळाशी चालायला लागली. तळाशीच खुर्ची टाकून दाबके बसले होते, कोट आणि उपरण्यासकट. ते डस्टर आपटत, पण पाण्यात आवाज होत नव्हता, नुसते बुडबुडे निघत. खाली रंगीबेरंगी शंखांचे थवे एकेक करून विझत होते. एवढ्यात बोराएवढा एक शंख आला, खुर्चीच्या चार पायांमधून वाट काढत पलीकडे गेला आणि आपल्या कामाला लागला. दाबक्यांनी पाय वर घेतले.

कोंबडी ओरडली तसं पाणी ओसरलं.

वाटेकडेच्या वाघदेवासमोर सगळे जमले होते. हिंमतनं भाकरीएवढा शंख उचलला, परत ठेवला. मग त्याचा हात खिशाकडे गेला. तिथं तो जरा थांबला. मग त्यानं रुमाल सोडला आणि ते बोर डोंगरसिंगच्या तळहातावर ठेवलं.

भुरीबाई खोकल्यासारखी हसली.

"येवढा मोठा साहेब, आनि देवले येवढुसा दिन्हा."

सगळेच हसले. हिंमतही हसला, जरा जास्तच. त्यानं तो फेकला नव्हता. लपवला नव्हता. देवाला दिला होता, आणि देवाला दिलेलं परत मागता येत नाही. त्यानं रिकामा रुमाल झटकून त्याची घडी केली, कपाळाचा घाम पुसला आणि मोलगीला गेल्यावर गुळाचा चहा प्यायचा असं मनाशी ठरवलं.

डोंगरसिंगनं दारूची धार सोडली. काहीतरी पुटपुटला. मग शंख एका दगडावर ठेवून, हिंमत तोंड उघडायच्या आत, नारळ फोडावा तसा दुसऱ्या दगडानं ठोकला.

बरोबर दोन शकलं झाली. आतली गुंडाळी उघडी पडली. एकाआड एक इवल्या इवल्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत पांढरे खडे साखरेसारखे चमकत होते. भुरीबाई पुढं वाकून बघत राहिली.

एक शकल डोंगरसिंगनं देवापुढं ठेवलं. दुसरं हिंमतसमोर धरलं.

"माले नको, बाबा. देवलेच ऱ्हाऊ द्या."

"देवनं त्यानं लिन्हं. हाई तुन्हं." म्हाताऱ्यानं ते त्याच्या मुठीत घातलं आणि वरून आपल्या हातानं मूठ दाबली. "एकलानी ठेवानं नही. वाटमा जो भेटी, घरमा जो ऱ्हास, त्यास्ले दावानं. ज्यास्नं पीक, त्यास्ले त पह्यले."

हिंमतनं मुठीकडे पाहिलं.

"आनि कोनी लपाडी ठेवं त?"

डोंगरसिंगनं काडी दातांत या बाजूची त्या बाजूला केली. बराच विचार केला.

"माले काय ठाऊक. आठे कोनी लपाडंच नही आजलोंग."

टोपल्या उचलल्या गेल्या. चढाला लागल्यावर हिंमतनं मूठ खिशात घातली, पण लगेच वरून मोळीवाल्या दोन बाया आल्या आणि करणसिंगनं त्यांना काहीतरी सांगितलं. त्या थांबल्या. डोक्यावर मोळ्या तशाच ठेवून वाट बघत राहिल्या. हिंमतला मूठ बाहेर काढून उघडावी लागली. बाया वाकल्या, च् च् केलं, पुढं गेल्या. नंतर एक मेंढपाळ आला, त्यालाही दाखवलं. मोलगीच्या बाजारात मिठाच्या पालावर, मडकीवाल्याकडे, चहाच्या चुलीपाशी करणसिंग हात धरून त्याला फिरवत होता. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी हिंमत आपणच मूठ उघडू लागला. कुठल्या थरातून निघाला तेही सांगू लागला. अगदी माथ्याजवळून, असं सांगताना त्याचा आवाज चढायला लागला होता. एका म्हातारीनं तर पुन्हा एकदा सांगायला लावलं.

उन्हं उतरली तेव्हा बैलगाडीत टोपल्या चढवून झाल्या होत्या. करणसिंगनं चुंबळ कमरेला बांधली आणि बाजारभर नजर टाकली.

"सगळास्ले दावं. आते कोन ऱ्हायना?"

हिंमत चाकाला टेकून उभा होता. शकल त्याच्या तळहातावर होतं.

"एक ऱ्हायना," तो म्हणाला. "लांब ऱ्हास. पुनाले."

"मंग बठ ना गाडीमा," करणसिंग म्हणाला. "कसाले उभा ऱ्हायना?"