पुरे रोजे

समुद्रकाठच्या महदिया गावातल्या बायकांची रमजान संपला तरी सुटका नसते. पाळीच्या दिवसांत रोजा धरता येत नाही, ते सुटलेले रोजे मागाहून एकटीने फेडावे लागतात. घरात सगळे मासळी तळून खाताहेत आणि ही आपली तोंड मिटून बसलेली. दलंदाला मात्र पंचवीस वर्षांत एकही रोजा फेडावा लागला नव्हता. ऐन छत्तिशीत डॉक्टरने तिची गर्भपिशवी काढली आणि आता काय उपयोग म्हणून धडधाकट अंडाशयही काढून टाकले. आणि या बाईने त्याचं कौतुक तरी किती करावं! "देवाचं देणं माझ्याकडे शिल्लक नाही, बायांनो," असं गल्लीभर मिरवायची. मुलगी उल्फा हेच ऐकत मोठी झाली.

आता दलंदाचे हात कापायचे. त्याचं तिला फारसं नवल वाटलं नाही. कंपवात घराण्यातच होता. भाऊ मुख्तार त्यातच गेला. थोरली बहीण नजीहा हिची तर मानही हलायची. पण नजीहा बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची, आणि मुख्तार मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत खणखणीत शिव्या घालत होता. दम गेला तो फक्त दलंदाचा. चार शब्द बोलली की पाचव्याला छाती रिकामी. आडवी झाली की कोणी उरावर बसल्यासारखं वाटायचं.

रमजान तोंडावर आला असताना दोघी बहिणी राजधानीत, ट्यूनिसला, मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी छाती तपासली आणि भलताच प्रश्न विचारला, पाळी कधी गेली? दलंदाने सवयीने ऐटीतच सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

"उंदरांवर पाहिलंय," त्या म्हणाल्या, "अंडाशय काढलेल्या माद्यांचा श्वास या आजारात जास्त बिघडतो. बायकांचं अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मीही नाही. पण तुमच्या घराण्यात आजार आहे. घरात तरुण मुलगी असेल तर कारण नसताना तिचे अंडाशय काढू देऊ नका. काढावेच लागले, तर पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का, ते तिच्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने टाळू नका."

दलंदाला लेक आठवली. उल्फा सूस शहरात राहायची. चाळिशीला आलेली, पिशवीत गाठी, अंगावरून रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली. "ईद झाली की ऑपरेशन, उम्मी. तुझ्यासारखंच सगळं काढून टाकणार," असं ती आईला म्हणाली होती. म्हणजे अजून वेळ होता.

परतीच्या गाडीत नजीहाचं तोंड सुरूच होतं. "एवढे हाल काढत यायचं आणि ऐकायचं काय, तर उंदरांच्या बायकांचं दुखणं."

फोनवर दलंदाचं निम्मं बोलणं वाऱ्यावरच जायचं, म्हणून तिने फोन केला नाही. रविवारी उल्फा येणारच होती. तोवर दलंदा मनातल्या मनात एकेक वाक्य कापून आखूड करत राहिली, एका दमात बसेल एवढं.

रविवारी उल्फा आली ती पोटावर हात धरून, जपून पायऱ्या चढत.

"रागावू नकोस, उम्मी. ऑपरेशन उरकून घेतलं. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगितलं नाही. डॉक्टर म्हणत होता, अंडाशय चांगले आहेत, राहू देऊ. मी म्हटलं, माझ्या आईकडे बघा, सगळं काढलं आणि सुटली. या रमजानला आपण दोघी पुरे रोजे धरू."

"सुटलीस बाई," नजीहा म्हणाली आणि कुसकुस वाढायला घेतलं.

माझ्याच तोंडाने पोरीला बुडवलं, एवढंच दलंदाच्या मनात येत राहिलं. कापून ठेवलेली वाक्यं आता काय कामाची? एकच उरलं होतं.

"गोळ्या... दिल्या?"

"चिठ्ठी दिली होती. मी आणल्याच नाहीत. मावशी म्हणते, त्यांनी कॅन्सर होतो."

"होतोच," नजीहा म्हणाली. "अख्खी गल्ली सांगेल."

"घे," दलंदा म्हणाली. "विचार... आणि घे."

"तू कुठे घेतल्या होत्यास? तुला काय झालं?"

उल्फाची नजर आईच्या वरखाली होणाऱ्या छातीवर गेली आणि तिथेच राहिली. आता कळेल, आता कळेल हिला, असं दलंदाला वाटलं.

"अगं, हे होय?" उल्फा म्हणाली. "ते घराण्याचं आहे, उम्मी. मुख्तारमामाला नव्हतं का? त्याला कुठे होते अंडाशय?"

नजीहाला हसू आवरेना.

उत्तर होतं दलंदाकडे. मामाचे हात गेले, पाय गेले, पण दम कधी गेला नाही, हे सांगायचं होतं. "मुख्तारचा... दम..." एवढंच बाहेर आलं. पुन्हा प्रयत्न केला. "त्याचा दम..."

"राहू दे, उम्मी. दम लागतोय तुला. सावकाश बोलू, मी कुठे पळून चाललेय?"

मग मावशी-भाची रमजानच्या खरेदीचं बोलू लागल्या. दलंदाने होता नव्हता तो जोर एकवटून टेबलावर हात आपटला. पण तो हात तर सारखाच थरथरायचा. उल्फाने बोलता बोलता नेहमीसारखा त्यावर आपला हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत मायेने दाबून धरला.