पावण्यांना आवडलेली खुर्ची

अनुजानं खुर्ची निवडायला तीन शनिवार घालवले, आणि तिच्या सासऱ्यांनी ती तीन मिनिटांत देऊन टाकली. देणाऱ्याचं नाव झालं, घेणाऱ्याचा मान राहिला. जिची खुर्ची होती तिला विचारायचं असतं, हे मात्र त्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. सासरे आकारामआप्पा, त्यांची सगळी हयात दूध डेअरीत गेलेली. सासू चिमणाबाई, टायरचं दुकान चालवणारा नवरा सम्राट आणि लग्नाची नणंद मोना. अनुजा पुण्याच्या एका कंपनीसाठी विम्याचे अर्ज तपासायची, घरबसल्या, रोज नऊ तास. 'घरबसल्या' हा शब्द ज्यानं काढला तो कधी नऊ तास बसला नसणार. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत उशी घेऊन बसून झालं, दिवाणावर भिंतीला टेकून झालं, प्लास्टिकच्या खुर्चीनं तर तिला चार वर्षं झेललं. शेवटी एक दिवस पडलेला पेन उचलायला ती वाकली ती तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय. एक तर बसायचं नीट करा, नाहीतर नोकरीला रामराम ठोका.

घरातल्या सगळ्यांना दुसरा इलाज सोपा वाटला. अनुजाला नोकरी सोडायची नव्हती. त्या नऊ तासांत तिला कुणी चहा टाकायला सांगत नव्हतं असं नाही, पण तेवढा वेळ ती नुसती कुणाची सून नव्हती. शिवाय तिच्या हाताखाली आठ माणसं द्यायचं कंपनीत घाटत होतं. माहेरी, कोडोलीसारख्या गावातही, जिचं इंग्रजी ऐकून लोक हसायचे त्या मुलीला हे थोडं नव्हतं.

पहिल्या शनिवारी ती सम्राटबरोबर राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात गेली. सेल्समननं बसवलं कुणाला, तर सम्राटला. "साहेब, बसून तर बघा." सम्राट सहा फुटी, तालमीत घुमलेला गडी. त्यानं मागं रेलून एक गिरकी घेतली आणि "एक नंबर हाय!" म्हणून पसंतीही देऊन टाकली. अनुजा हट्टानं बसली तेव्हा तिचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते. "सवय होईल मॅडम," सेल्समन म्हणाला. लोंबत्या पायांची सवय कशी करायची असते ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या शनिवारी सगळं घर निघालं. चिमणाबाईंना लाल रंग हवा होता. आप्पांचा चाकांवरच आक्षेप होता. "घरातल्या घरात फिराय पाय न्हाईत व्हय?" मोनानं सहा खुर्च्यांत बसून फोटो काढले. मग सगळ्यांनी झणझणीत मिसळ खाल्ली, वर ताक प्यालं आणि तृप्त होऊन घरी आले. खुर्ची तेवढी राहिली.

तिसऱ्या शनिवारी अनुजानं कुणाला सांगितलं नाही. गाडी काढली आणि लक्ष्मीपुरीच्या मागच्या गल्लीत कामिलच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे एक गाळा. तिथं कामिल ऑफिसांच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायचा आणि सांगितली तर नवीनही बांधून द्यायचा.

"कुणासाठी पायजे?" त्यानं विचारलं.

"माझ्यासाठी."

"मग बसा."

एवढं साधं, पण तीन आठवड्यांत असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. तो खाली उकिडवा बसला आणि तिच्या पाठीकडं न बघता पायांकडं बघत राहिला. "ताई, खुर्ची पायापासनं निवडायची असती. पाय टेकलं न्हाईत की सगळा भार कमरंवर. लोकं पाठ बघत्यात, गादी बघत्यात, पाय कोण बघत न्हाय." त्यानं टाच ते गुडघा माप घेतलं, बैठकीची कड आणि गुडघा यांत तीन बोटं जातात का बघितलं, कोपर टेकतंय कुठं ते खडूनं हातावर म्हणजे खुर्चीच्या हातावर लिहून ठेवलं. कुठल्याशा जुन्या मालातला बैठकीखालचा एक बुटका दांडा त्यानं शोधून काढला आणि आठ दिवसांनी खुर्ची बांधून दिली. दिसायला काळी, साधी. अनुजा तीत बसली, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. कामिलनं न बघितल्यासारखं केलं.

चार महिने बरे गेले. दुखणं आधी पायातून गेलं, मग कमरेतून. आपल्याला पाठ आहे हे माणसाला दिवसभर आठवू नये, यासारखं सुख नाही. खुर्चीचं प्लास्टिक काढायचं नाही, नवी वस्तू काळी पडते, असा चिमणाबाईंचा हुकूम होता. तेवढा एकच अनुजानं मोडला. कंपनीनं आठ माणसांचं काम पुढच्या तिमाहीपासून तिच्याकडं द्यायचं नक्की केलं.

आणि मग मोनाला बघायला पावणे आले. अनुजाच्याच माहेरगावचे, कोडोलीचे, बारा एकर ऊस, मुलगा यशराज इंजिनिअर. स्थळ तिनंच सुचवलेलं. मुलाचे वडील ज्ञानूपावणे धिप्पाड गृहस्थ, गुडघ्यांनी अधू, दिवाणावर बसले तर उठवायला दोघं लागायचे. सम्राटनं आतून अनुजाची खुर्ची उचलून आणली. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. पावण्याला खुर्ची द्यायचीच असते.

ज्ञानूपावणे बसले, इकडं वळले, तिकडं वळले. घरमालकाच्या वस्तूला चांगलं म्हणायची रीत असते, तसे म्हणाले, "लई भारी हाय की ओ खुर्ची. कुठनं आणलीसा?"

झालं. आप्पांच्या अंगात आलं. "आवडली? न्या की मग!"

"छे, छे! उगं म्हटलं मी."

"उगं कसं? पावणं, आमच्या घरात तुमास्नी एक वस्तू आवडली आन् आमी ती ठेवून घ्यायची? आमी काय एवढं भिकारी हाय व्हय?"

पावणे नको म्हणत गेले आणि आप्पा चढत गेले. कोल्हापुरात ताटात भाकरी वाढतात तसाच हा आग्रह, नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पडते. तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर आप्पांचा आवाज जरा जड झाला, आणि आता नाही घेतली तर सोयरीक फिसकटेल असं पावण्यांना वाटलं असावं. ते हात जोडून म्हणाले, "बरं, तुमची मर्जी."

अनुजा स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. तिनं सम्राटकडं बघितलं. सम्राटनं आप्पांकडं बघितलं आणि हसला, आपला बाप कसा राजा माणूस आहे असं. मोना मान खाली घालून बसली होती, आणि त्या दिवशी मान खाली घालणं हे तिचं कामच होतं. "अनुजा, हळदीकुंकू आण," चिमणाबाई म्हणाल्या. "वस्तू घराबाहेर जातीया, मोकळी कशी लावायची?" अनुजानं करंडा आणला. आपल्या खुर्चीच्या पाठीला आपल्याच बोटानं कुंकू लावलं, आणि सम्राटनं ती पावण्यांच्या गाडीत मागं चढवली. निघताना पावण्यांनी पसंती सांगितली, लग्न वैशाखात धरायचं ठरलं.

संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर आप्पांनी ही हकीकत तीन वेळा सांगितली. "सुनंच्या बुडाखालची खुर्ची उचलून दिली पावण्याला!" ऐकणारे म्हणाले, आप्पा, असं काळीज पायजे. सून आता कशावर बसणार, हे एकानंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सम्राटला सांगितलं की कामिलकडून दुसरी खुर्ची बांधून घेते. आपल्या पगारातून. तो बरं म्हणाला आणि चहाच्या वेळी सहज आप्पांच्या कानावर घातलं.

आप्पांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी मी दिली ते रुचलं न्हाय हिला. आज दिली आन् उद्या दुसरी आणून माझ्या तोंडावर मारणार."

"तसं न्हाय आप्पा, माझी पाठ—"

"अगं बाई, लगीन होईस्तोवर दम धर," चिमणाबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचं म्हणणं त्यांच्या परीनं पक्कं होतं. पावणे आता सारखे येणार-जाणार. घरात तशीच दुसरी खुर्ची दिसली तर काय म्हणतील? ह्यांच्यात खुर्च्यांचा ढीग पडलाय, त्यातली एक आमच्या गळ्यात मारली. मग दिल्याची किंमत काय राहिली? मोनानं नंतर मोरीजवळ अनुजाचा हात धरला. "वहिनी, माझ्यासाठी. वैशाखापर्यंतच की."

वैशाखाला साडेतीन महिने होते. अनुजा हो म्हणाली. ती हो म्हणाली हे तिला पुढं फार दिवस छळत राहिलं.

प्लास्टिकची खुर्ची पुन्हा आली. पहिल्या आठवड्यात कमर, तिसऱ्यात मांडी, दीड महिन्यात कळ टाचेपर्यंत. ती अर्धा तास बसायची, दहा मिनिटं जमिनीवर आडवी व्हायची, आणि जाता-येता चिमणाबाई म्हणायच्या, "ही बरी नोकरी, निजून पगार." सुट्ट्या संपल्या. आठ माणसं दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गेली. मग वरच्या बाईंचा फोन आला. त्या वाईट बोलल्या नाहीत. येत्या सोमवारपासून पूर्ण नऊ तास जमणार असतील तर सांग, नसतील तर तसं कळव, एवढंच.

त्याच रविवारी मंडळी मुलाचं घर बघायला कोडोलीला गेली. अनुजाही गेली, स्थळ तिनं सुचवलेलं, ती नाही गेली तर चार तोंडांनी चार प्रश्न विचारले असते. गाडीतून उतरताना तिला दाराला धरावं लागलं.

सोप्यात शिरताच तिला खुर्ची दिसली. कोपऱ्यात, टीव्हीच्या बाजूला. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, आणि पाठीवरचं कुंकू अजून तसंच होतं. ज्ञानूपावणे शेजारी उंच लाकडी खुर्चीत बसलेले.

सगळे सतरंजीवर, दिवाणावर जागा बघून बसले. खाली बसणं अनुजाला शक्य नव्हतं, ती भिंतीला टेकून उभी राहिली. यशराजच्या आईच्या, विठाबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी लगबगीनं कपडे उचलून दिवाणावर टाकले. "बसा की हितं. आमच्यात कोण बसतच न्हाय तिच्यावर. ह्यांस्नी बुटकी हुती, गुडघं पोटात जात्यात."

"बुटकीच बांधलीया ती," अनुजा म्हणाली. "माझ्या मापानं."

ती बसली. तळवे जमिनीला टेकले, कोपरं जागेवर आली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा कमरेतली कळ थोडी मागं सरली. ज्ञानूपावण्यांनी तिच्या पायांकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. भला माणूस होता, त्याला कळलं.

"म्हंजी ही तुमची व्हय? आवं, मग आधी बोलायचं न्हाय? मला तर नकोच हुती, आप्पांचं मन मोडाय नको म्हणून आणली. जाताना घेऊनच जावा."

एक शब्द हवा होता, तोही तिचा नाही. नवऱ्याचा चालला असता, नणंदेचा चालला असता.

"काय बोलतासा पावणं!" आप्पा मोठ्यानं हसले. "दिलेली वस्तू माघारी न्यायची? गावात तोंड दावाय जागा ऱ्हाईल का आमास्नी? अनुजा, ऊठ. त्यास्नी बसू दे."

सम्राट कपातला चहा ढवळत होता. चहात साखर कधीच विरघळली होती. मोना नव्या घराची खिडकी बघत होती. अनुजानं दोघांनाही पुरेसा वेळ दिला. मग ती खुर्चीच्या हातावर भार टाकून उठली, आणि दिवाणावर टाकलेले कपडे उचलून पुन्हा खुर्चीवर ठेवले. विठाबाई "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या, तरी ठेवले.

येताना ती मागच्या सीटवर निम्मी आडवी होऊन आली. आप्पा पुढं खुशीत होते. "बघितलासा? कशी जपून ठेवलीया त्येनी. एक ओरखडा न्हाय."

अनुजानं फोन काढला आणि वरच्या बाईंना दोन ओळी लिहून पाठवून दिल्या. आठ वर्षांच्या नोकरीला दोन ओळी पुरल्या याचं तिला वाईट वाटलं. मोबाईलचा उजेड तोंडावर पडलेला सम्राटनं आरशात बघितला.

"काय करतीयास?"

"नोकरी सोडली."

आप्पांनी मान वळवली, आणि खरंच मायेनं म्हणाले, "लई चांगलं केलंस पोरी. बसून बसूनच गेली तुझी पाठ."