बाजारच्या दिवशी छापा

शेषेराव एकदा बोलायला लागला की समोरच्याला होकाराशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. पाटील नव्हता, पण खैरवाडीत पाटलाच्या वर त्याचा शब्द. रझाकारांनी त्या उन्हाळ्यात मुखेडचा सारा मुलूख हैराण करून सोडला होता, आणि त्यांच्या नाक्यावर भरदुपारी छापा घालायचा बेत त्याचाच. दिवस निवडला बाजारचा. त्या दिवशी गावचे झाडून सारे बाप्ये गाड्या घेऊन निघतात, मग कुणाच्या बापाला संशय येतोय? कडब्याखाली बंदुका घातल्या की झालं!

"एक बंदूक तरी घरी ठिवा की," त्याची बायको विठाबाई म्हणाली. "दोन माणसं ठिवा. सिंधू वयात आलेली पोर हाय."

"तुला चुलीची फुंकणी हाय की! तेवढी पुरे," शेषेराव म्हणाला. गाडीभोवतीचे सगळे खो खो हसले. बापाची भाकरी धडप्यात बांधता बांधता सिंधूही हसली.

दुपारी ते नाक्यात घुसले. "हात वर!" शेषेराव गरजला. पण हात वर करायला होतं कोण? खाटा रिकाम्या, खुंट्या रिकाम्या, पागेत नुसती लीद. स्वयंपाकी शिवप्पा तेवढा परातीपुढं बसला होता. त्यानं पिठाचे हात वर केले.

"कुठं मेले सगळे?"

"सकाळीच गेले, मालक. माळाच्या वाटेनं, खैरवाडीला."

"खैरवाडीला? आजच?"

"जमादार म्हणला, आज बाजार हाय. गावात एक बी बाप्या नसंल."

शेषेरावाच्या तोंडचं पाणी पळालं. अरे देवा, गाव तर त्यानंच मोकळं करून दिलं होतं! चालता-फिरता एक माणूस मागं ठेवला नव्हता. गाड्या तिथंच टाकून सगळे दोन कोस ऊर फुटेस्तोवर पळाले. वाटेत कुणी शेषेरावाकडं बघितलं नाही.

रझाकार दुसऱ्या वाटेनं निघून गेले होते. वेशीपाशी धूर, आणि घराघरांतून बायकांचा आकांत. विठाबाई तेवढी रडत नव्हती. कपाळ फुटलेलं, तशीच दारात बसली होती.

"सिंधू कुठं हाय?"

"नेली. घोड्यावर घालून नेली."

तिनं मांडीवरची फुंकणी उचलून नवऱ्याच्या हातात दिली. लोखंडाची फुंकणी, पण मधोमध वाकली होती.

"न्हाई पुरली," ती म्हणाली.